हललेला फोटो

“झालं? घेऊ का आता श्वास?” सावकाशने विचारलं आणि आम्ही तिघी हसलो, झुंबर हसली, बॅरिस्टर हसली, आणि सगळ्यात मोठ्यांदा मी हसले, कारण कॅमेरा हातात असला की मी सगळंच मोठ्यांदा करते. हसता हसता कॅमेरा खाली घेतला आणि पाहिलं, तर ती विनोद करतच नव्हती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. पाण्याखालून डोकं वर काढल्यावर माणूस जशी हवा ओढतो तशी ती ओढत होती, पण आवाज न करता, कुणाला त्रास नको अशा बेताने. “म्हणजे? तू श्वास धरून बसली होतीस?” मी विचारलं. “हो मग,” ती म्हणाली, “तू कॅमेरा उचललास की धरते. हलायला नको ना. मागे तूच नाही का म्हणालीस, मी हलते म्हणून फोटो बिघडतो.” हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. जिना उतरताना मी कठडा धरते, असं कुणी सांगावं तितक्या साधेपणाने सांगितलं, आणि मांडीवरच्या पडद्याला पुन्हा टाचण्या लावायला लागली. “कधीपासून?” “तेव्हापासून.” तेव्हापासून म्हणजे दहा महिने. दहा महिन्यांत मी ह्या खोलीत किती वेळा कॅमेरा उचलला असेल ते आठवायला गेले आणि मला गच्च झालं, तिने न घेतलेले ते सगळे श्वास कुणीतरी माझ्या छातीत कोंबून ठेवल्यासारखं. पण बाहेरून मी हसतच राहिले. हसू थांबवायला काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण मला माहीत होतं.

आमच्या चौघींत खरी नावं फक्त हजेरीपटावर उरली आहेत. झुंबर म्हणजे कानांत काहीतरी लोंबकळल्याशिवाय जिला उघडंबोडकं वाटतं ती. शाळेत चालत नाही म्हणून ती फाटकाबाहेर पाऊल पडताच दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून कानातली काढते आणि चालता चालता अडकवते, आरशाशिवाय. बॅरिस्टर म्हणजे जिला ‘आज मंगळवार’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ असं विचारावंसं वाटतं ती. आणि सावकाश म्हणजे सावकाश. ती सावकाश चालते, सावकाश जेवते, काही विचारलं तर इतकी सावकाश उत्तर देते की तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो, आणि मग ती उत्तर तसंच गिळून टाकते. मी गेल्या वर्षापर्यंत ‘ती नाही का, झुंबरच्या शेजारची’ होते. आता मी फोटोवाली आहे. वरच्या वर्गातल्या मुली मला जिन्यात गाठून म्हणतात, “ए फोटोवाली, आमचा पण काढ ना, तो तुझा अंधारातला!” तुझा अंधारातला! अंधार जसा काही माझ्या मालकीचा. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतं. बाकी सगळ्यांना उजेड लागतो, खिडकी लागते, फ्लॅश मारावा लागतो आणि मग चेहरे उकडल्यासारखे पांढरे येतात. मला एका चिमुकल्या दिव्यावर भागतं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून मी वर्गात हात वर करायला लागले, घरी आत्याबाईंना उलट उत्तर द्यायला लागले, आणि आई म्हणायला लागली की हिला कुठून एवढा कंठ फुटला कोण जाणे.

अंधार मात्र खरं तर सावकाशच्या घरचा. तिची आई पडदे शिवते. दवाखान्यांचे, कचेऱ्यांचे, नव्या घरांचे. आणि काकूंची एक पद्धत आहे: शिवून झालेला पडदा त्या लगेच देत नाहीत, आधी दोन दिवस स्वतःच्याच खिडकीला टांगून ठेवतात. “कापड लोंबलं पाहिजे गं,” त्या तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणतात, “लोंबल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. काही कापडं घडीत शहाणी असतात आणि टांगली की लगेच पोट काढतात.” त्यामुळे त्या खोलीला स्वतःचा असा रंग नाहीच. एखाद्या आठवड्यात ती विटकरी असते, एखाद्या आठवड्यात निळी, की आपण शाईच्या दौतीत बसून गृहपाठ करतोय असं वाटावं; आणि कुणी जाड अस्तराचा पडदा सांगितला असला तर भर दुपारी तीन वाजता तिथे एकमेकींचे चेहरे ओळखू येत नाहीत. शिलाईयंत्राच्या मानेखाली अंगठ्याएवढा एक पिवळा दिवा आहे, तेवढाच. बाकी भिंतीला लावलेले कापडाचे गठ्ठे उजेड पिऊन टाकतात, आवाजसुद्धा पितात. तिथे बोललं की आपलं बोलणं आपल्याच गालाशी राहतं. शाळा सुटल्यावर आम्ही चौघी त्या गठ्ठ्यांवर पसरतो. काकू यंत्र चालवत असतात, सावकाश दुमडपट्टीला टाचण्या लावत असते, बॅरिस्टर कुणाशी तरी भांडत असते, आणि मी फोटो काढते. जगात ह्याहून चांगली खोली असेल असं मला वाटत नाही.

कॅमेरा घरातला साधाच, पण लेन्स मावशीची. मावशी बत्तीस वर्षं एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची, आणि स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने तिला आठवण म्हणून जे खोकं दिलं त्यात ही होती: पन्नास एमएमची, काळी, मुठीत मावणारी, आणि वजनाला अशी की खिशात ठेवली तर फ्रॉक एका बाजूला ओढला जातो. तिला झूम नाही. “जवळचं हवं असेल तर जवळ जायचं, लाजतेस कसली?” मावशी म्हणाली होती. तिचा फोकसही आपोआप लागत नाही; पुढचं कडं हाताने फिरवायचं, कारखान्यातला नळ फिरवावा तसं, सावकाश आणि न घसरता. पण ती उघडते! एक पॉइंट चारपर्यंत उघडते, म्हणजे मांजराच्या डोळ्यातली बाहुली अंधारात उघडते तशी अख्खी उघडते आणि खोलीत सांडलेला उजेडाचा शेवटचा थेंबसुद्धा चाटून घेते. फक्त त्याची एक किंमत आहे. एवढी उघडली की स्पष्ट दिसणारी जागा उरते दोन बोटांच्या जाडीची. डोळ्याची पापणी धरली तर कान धुक्यात जातो. नाक धरलं तर डोळे. आणि दोन चेहरे वीतभर पुढेमागे असले तर एकच तुमचा; दुसरा गेला. हे मी पहिल्या आठवड्यातच पाठ केलं होतं. मावशीने मला हेही शिकवलं होतं की श्वास धरायचाच असेल तर फोटो काढणाऱ्याने धरायचा, बसणाऱ्याने नाही. आणि आणखी एक गोष्ट तिने शिकवली नव्हती, मीच तिच्याकडून उचलली होती. लहानपणी सुटीत तिच्या स्टुडिओत बाकड्यावर पाय हलवत बसायचे तेव्हा दिवसातून तीनचार वेळा ऐकू यायचं, आतल्या खोलीतून, गोड आणि ठाम आवाजात: “हललात तुम्ही. बसा परत.” गिऱ्हाईक ओशाळून पुन्हा स्टुलावर बसायचं. मोठमोठे पोट सुटलेले साहेबसुद्धा. मला काय अभिमान वाटायचा तिचा.

तर तो दिवस. तो सावकाशच्या पडद्याचा दिवस होता. मापापासून हुकांपर्यंत सगळा पडदा तिने पहिल्यांदा एकटीने शिवला होता, काकूंनी एक टाकाही घातला नव्हता, आणि काकूंनी तो स्वतःच्या हाताने खिडकीला चढवून, चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघितला होता आणि फक्त “हं” म्हटलं होतं. ते “हं” म्हणजे काय ते सावकाशलाच माहीत. मग दोन दिवसांनी उतरवून द्यायच्या आधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “माझा एक काढशील? ह्याच्यासोबत?” तिने स्वतःहून काही मागितलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. पडद्याची वरची पट्टी तिने खांद्यावरून पुढे घेतली, पितळी हुकांची रांग गालाला लागून, आणि अशी उभी राहिली की जणू कुणीतरी तिला बढती दिली होती. लेन्स माझ्याकडे येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. मी कडं फिरवत होते, दिवा तिच्या उजव्या गालावर होता, आणि तेवढ्यात झुंबरने “मी पण, मी पण!” करत बाजूने मान घातली. तिच्या कानात त्या दिवशी चांदीचं मोठं चक्र होतं. काचेतून बघताना ते असं लखलखलं! धुक्यात काहीतरी एकदम धारदार होतं तेव्हा हातच थांबतो, मनाला विचारत नाही. मी दाबलं. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर बघितलं तर अप्रतिम आला होता: काळोख, त्यातून पुढे आलेली झुंबरची मान, हनुवटीची कड, आणि ते चक्र, त्यावरची नक्षीची एकेक रेघ मोजता येईल असं. बॅरिस्टरने चक्क वाद न घालता “बाप रे” म्हटलं. झुंबरने माझा मुका घेतला. दुसऱ्या दिवशी तो अख्ख्या वर्गाने बघितला, तिसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी बघितला, आणि मी फोटोवाली झाले. पण त्या सगळ्याच्या आधी, त्या पहिल्या मिनिटातच, सावकाशने सगळ्यांचं बघून झाल्यावर कॅमेरा हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “मी अशी का गं दिसते? पुसल्यासारखी?” आणि माझ्या तोंडून, मावशीच्याच गोड आणि ठाम आवाजात, बाहेर पडलं, “हललीस तू.”

मला तेव्हा खरंच तसं वाटलं असेल. हे वाक्य मी दहा महिने जपून ठेवलं आहे: मला तेव्हा खरंच तसं वाटलं असेल. पण त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, कौतुकानेच केला, चक्र बघून झालं, आणि मग सरकत सरकत सावकाशच्या गालाशी आले. तिथे ते हुक होते. माणूस हललं तर त्याच्या अंगावरचा चकाकणारा ठिपकासुद्धा हलतो, आणि हलताना मागे रेघ सोडतो. हे कुणालाही कळेल. त्या हुकांच्या रेघा झाल्या नव्हत्या. त्यांचे गोल झाले होते. सात हुकांचे सात सोनेरी, मऊ, नाण्यासारखे गोल, एकमेकांच्या कडेला हात लावून बसलेले, इतके सुंदर की मी आधी त्यांच्याकडे बघतच राहिले आणि मग मला कळलं की ती पुतळ्यासारखी उभी होती. ती जराही हलली नव्हती. मीच तिला धरलं नव्हतं. मी खिडकी बंद करावी तसा तो फोटो बंद केला. उद्या सांगू, म्हटलं. उद्या वर्गाने बघितला. परवा सरांनी. मग सांगायचं म्हणजे, ज्या फोटोने मला नाव दिलं तोच चुकलेला आहे असं सांगायचं, आणि तो तर कुणालाच चुकलेला दिसत नव्हता, एकीला सोडून. आणि ती तर काही म्हणत नव्हती. ती श्वास धरत होती.

आता गंमत अशी की सरांनी मला भिंत दिली होती. वाचनालयासमोरची, जिन्यालगतची, लांबलचक, जिथे आजवर फक्त तक्ते लागायचे. “तुझे बारा फोटो लावू,” ते म्हणाले होते, “सोमवारी आणून दे.” बारा! मी आठवडाभर तरंगत होते. बारा निवडून झाले होते, चक्राचा सगळ्यात मध्ये, आणि दोनच दिवसांपूर्वी पडद्याच्या खोलीत मी ते गठ्ठ्यांवर मांडून ह्या तिघींना दाखवलेही होते, तेव्हा बॅरिस्टरने, जिला दुसऱ्याच्या आनंदात खडा शोधल्याशिवाय चैन पडत नाही, एका बोटाने बाराही फोटोंवरून रांगेत फिरून विचारलं होतं, “आणि ह्यात सावकाश कुठंय? काकूसुद्धा आहेत, आपल्या शाळेच्या शिपाईमामांचा हातसुद्धा आहे. सावकाश एकातही नाही?” “आहे की, ह्या चक्राच्या फोटोत मागे,” झुंबर म्हणाली. “मागे म्हणजे काय, तो डाग?” “डाग काय म्हणतेस तिला!” आणि मी काही बोलायच्या आत सावकाश, या वेळी मात्र सावकाश नाही, पटकन म्हणाली होती, “राहू दे गं. माझ्यापायी भिंत कशाला बिघडवायची? लावायला मी येईन. मला सरळ लावता येतं.” तेव्हा ते मला नुसतं टोचलं होतं. आज त्या श्वासानंतर ते आत जाऊन बसलं.

घरी जाऊन मी मावशीला फोन लावला. “मावशी, खरं सांग, तुझा कधी चुकला का गं फोटो?” “माझा?” ती म्हणाली. “बत्तीस वर्षं, एक नाही. विचार कुणालाही.” “मग ते हलायचे ते?” “हलायचेच! माणसं काय, काही तर पुतळ्यासारखी बसूनसुद्धा हलायची,” ती म्हणाली आणि हसली, स्वतःच्याच बोलण्याला हसावं तसं. “का गं?” तिने जरा हळू विचारलं. “कोण हललं तुझं?” “कुणी नाही,” मी म्हणाले. मग फोन ठेवला. मला पहिल्यांदाच असं वाटलं की मावशीच्या त्या बत्तीस वर्षांत पुतळ्यासारखी बसलेली किती माणसं ओशाळून घरी गेली असतील, आणि त्यातल्या एकाने तरी आरशासमोर बसून, आपण नक्की कुठे हलतो, हे शोधलं असेल का. मावशीचा मला राग आला नाही. ती आतल्या खोलीत, मालक बाहेर, आणि त्या वेळची एकटी बाई. तिला ठाम राहणं भागच असेल. पण मला काही भाग नव्हतं. मला कोण काढून टाकणार होतं? भिंत तर माझीच होती.

रविवारी दुपारी मी एकटीच गेले. काकू कुठल्याशा दवाखान्याच्या खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. खिडकीवर गर्द हिरवा पडदा, जाड अस्तराचा; खोली विहिरीच्या तळासारखी झाली होती आणि त्या तळाशी यंत्राच्या पिवळ्या दिव्यात सावकाशचे दोन हात काम करत होते. “तू?” ती म्हणाली. “त्या दोघी?” “एकटीच आले.” रस्ताभर मी बोलण्याची छान सुरुवात रचत आले होते, ‘प्रत्येक कलेत’ वगैरे, ती दारातच विसरले. “सावकाश, त्या दिवशी तू हलली नव्हतीस.” यंत्र दोन टाके पुढे जाऊन थांबलं. “कुठल्या दिवशी?” “तुझ्या पडद्याच्या. माझा चुकला होता. कानातल्यावर लागला फोकस, तुझ्यावर लागलाच नव्हता.” मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. ती नेहमी जाऊ दे म्हणते. ती म्हणाली, “थांब.” आणि विचार करायला लागली. मी छापून आणलेला मोठा फोटो दिव्याखाली धरला, रेघा आणि गोल समजावून सांगितले, भराभरा, चुकून माझं नेहमीचं शिकवण्याचं चढेलपणसुद्धा आवाजात आलं. तिने ऐकून घेतलं आणि डब्यातून एक पितळी हुक काढला. “करून दाखव.”

तिने तो हुक दिव्यासमोर धरून हलवला आणि मी फोटो घेतला. रेघ आली; सोन्याची तार ओढल्यासारखी. मग तिने तो धागा बांधून यंत्राच्या मानेला टांगला, डोलायचा पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली, मला वाटतं मिनिटभर, आणि मग मी कडं मुद्दाम चुकीचं फिरवून घेतला. गोल आला. तिने तो गोल बघितला, मोठ्या फोटोतले सात गोल बघितले, पुन्हा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा बघितला. तिची पद्धत काकूंचीच आहे: टांगून बघितल्याशिवाय विश्वास नाही. “म्हणजे तुला कळलं होतं,” ती म्हणाली. “हो.” “कधी?” “त्याच संध्याकाळी.” “आणि बोलली नाहीस.” “नाही.” “का?” ह्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं आणि ते फार बारकं होतं. “सगळे वा वा करत होते. मला आधी कुणी केलं नव्हतं.”

मग ती चिडली. मी तिला कधी चिडलेलं बघितलं नव्हतं, आणि तेही आधी सावकाशच आलं, लांबून येणाऱ्या गाडीसारखं. “दहा महिने,” ती म्हणाली. “दहा महिने मला वाटतंय की माझं काहीतरी सारखं हलतं. जे मला कळत नाही पण बाकीच्यांना दिसतं. फळ्यापाशी उभी राहिले की मी हात धरून ठेवते. ओळखपत्राच्या फोटोला मी इतका वेळ श्वास धरला की तो फोटोवाला म्हणाला, बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ का. आईच्या ‘हं’चा फोटो होता तो! मी आयुष्यात एकदा मागितला होता गं तुझ्याकडे! आणि तू… तू काय, कानातलं बघत होतीस?” आता ती गाडी आली होती, थेट अंगावर. तिचे शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते, हातवारे करताना टाचण्यांची डबी कलंडली तरी तिने बघितलं नाही, आणि मला, म्हणजे हे लिहायला नको पण खरं आहे, मला एका बाजूने रडू येत होतं आणि दुसऱ्या बाजूने वाटत होतं, काय दिसतेय ही! कॅमेरा मात्र मी मांडीवर घट्ट दाबून ठेवला होता. तिनेच त्याकडे बोट केलं. “उचल तो.” “आत्ता? तू चिडलीयस.” “मग? चिडलेल्यांचे येत नाहीत का? उचल. आणि मी गप्प बसणार नाहीये, आधीच सांगते. मी हलणार आहे.”

आणि ती खरंच हलली. बोलत होती, मान फेकत होती, पुढे येऊन मागे जात होती, आणि दोन बोटांच्या जाडीत एक चिडलेली मुलगी पकडायची म्हणजे काय ते मला कळलं. पहिला बघितला: पाठीमागचा गठ्ठा झकास आला होता. “चुकला,” मी म्हणाले. “माझा चुकला.” हे तीन शब्द पहिल्यांदा बोलताना मी कॅमेऱ्याकडेच बघत होते. दुसरा नाकाच्या शेंड्यावर लागला. “चुकला. माझा.” “चुकतच असतो वाटतं तुझा,” ती म्हणाली, “मला उगाच वाटायचं तू कोण मोठी,” आणि पुढे सुरूच. सहावा, सातवा, अकरावा. मी प्रत्येक वेळी मोठ्यांदा सांगत होते, आणि बाराव्या-तेराव्यापासून एक विचित्र गोष्ट झाली, मला ते म्हणायला मजा यायला लागली. माझा चुकला! ज्याचा चुकू शकतो त्याचाच कधीतरी बरोबर येणार ना? इतके दिवस माझे सगळे बरोबर होते आणि त्यांतला एकही पुरता माझा नव्हता. मी गुडघ्यांवर सरकत तिच्या आणखी जवळ गेले, श्वास सोडला, सोडलेला तसाच राहू दिला, आणि ती “आणि परत जर कधी तू मला…” म्हणत दिव्याकडे वळली तेव्हा कडं फिरवायच्या ऐवजी मी स्वतःच एक करंगळीभर पुढे झुकले. एकोणिसावा होता तो. या वेळी ‘चुकला’ न म्हणता मी कॅमेरा तिच्याकडे दिला.

तिने बघितलं, तिच्या पद्धतीने, म्हणजे बाहेर एक सायकल येऊन घंटी वाजवून निघून गेली इतका वेळ. पापण्या मोजता येत होत्या. तोंड अर्धं उघडं, एक केस ओठाला चिकटलेला, हाताचा पंजा पुढे येता येता नुसता एक उजळ फराटा झालेला, आणि त्या फराट्याच्या वर दोन डोळे, असे स्थिर, असे धारदार, की फोटोसमोर उभं राहणाऱ्याने आपण काय केलं ते आठवावं. “नाकपुड्या केवढ्या आल्यात,” ती म्हणाली. “रागाने फुगल्यात.” “हं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हाच लाव.” “नक्की?” “हाच. आणि मी अजून रागावलेलीच आहे, एवढं लक्षात ठेव.” “किती दिवस?” “बघू. मला वेळ लागतो.” आणि ती खाली बसून टाचण्या गोळा करायला लागली. मीही बसले. तिने मला सरक म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

सोमवारी मी बारातून चक्राचा फोटो काढून ठेवला. झुंबरने मधल्या सुटीत आकाशपाताळ एक केलं, “माझं कानातलं भिंतीवरून उतरवलं! मैत्रीण म्हणवतेस!” आणि बॅरिस्टरने तिचं वकीलपत्र घेतलं, मग प्रकरण काय आहे ते मी दोघींना सांगितल्यावर सोडून दिलं, तेही एकदाही ‘कशावरून?’ न विचारता, जे तिला मुळीच शोभत नाही. सर तर कळवळले. “अगं, तो तर तुझा सगळ्यात चांगला!” “तो चुकलेला आहे, सर.” “कुठे चुकलाय?” मी त्यांना हुक दाखवले. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे मला कसं दिसलं नाही?” मी म्हणाले, मलाही दिसत असून दिसत नव्हतं, सर. भिंतीला फोटो सावकाशने लावले, शिंप्याची टेप आणि खडू घेऊन. स्वतःचा तिने मध्यभागी, बाकीच्यांपेक्षा बोटभर वर लावला आणि मला विचारलं नाही. माझ्याशी ती दिवसभरात दोनच वाक्यं बोलली, एक ‘टेप धर’ आणि दुसरं ‘नीट धर’. सुटीनंतर जिना भरून आला, खालच्या वर्गातली पोरं, वरच्या वर्गातल्या त्या मुली, सगळी येता-जाता थांबायला लागली, आणि जो तो त्या चेहऱ्यासमोर येऊन जरा मागे सरकत होता, काही केलं नसतानाही. सर हात मागे बांधून उभे होते. “काय पण चिडलीय ही,” ते म्हणाले, “कुणावर एवढी?” “माझ्यावर, सर,” मी म्हणाले, आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाले.